तानिया ब्रुगेरा : वर्तनाची कला आणि तिची किंमत

एखाद्या कलावंताचे माध्यम कोणते, असे विचारले की तैलरंग, जलरंग, फार तर दगड किंवा धातू असे उत्तर आपल्याला अपेक्षित असते. क्यूबाच्या तानिया ब्रुगेरा (जन्म : हॅवाना, १९६८) यांच्याबाबत असे उत्तर द्यायचे ठरवले तर यादी मोठी विचित्र होते. कोकराचे धड, माती आणि खारे पाणी, माणसांचे केस, उसाची चिपाडे, वर्तमानपत्र, घोडेस्वार पोलीस, ध्वनिक्षेपक, पांढरे कबूतर, दोन वर्षांचा अभ्यासक्रम, स्थलांतरितांसाठी उघडलेले केंद्र, आणि एके ठिकाणी तर चक्क कोकेन. त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण ही यादी देतात आणि ‘विविध माध्यमांतून काम करणारी कलावंत’ असे म्हणून पुढे जातात. प्रस्तुत लेखकाला हे वर्णन अपुरे वाटते. यादीतील वस्तू ही त्यांची साधने आहेत. माध्यम एकच आहे, आणि ते म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसाचे वर्तन. हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. रंग वाया गेला तर नुकसान चित्रकाराचे होते. माणसाचे वर्तन हेच माध्यम असेल, तर होणारे नुकसान कोणाचे?

‘वर्तन’ हा शब्द येथे अंदाजाने वापरलेला नाही. आपल्या कलेला ब्रुगेरा ‘परफॉर्मन्स’ म्हणत नाहीत, ‘आर्ते दे कोन्दुक्ता’ म्हणतात. ‘कोन्दुक्ता’ म्हणजे वागणूक, आचरण. क्यूबात किशोरवयीन गुन्हेगारांसाठी ज्या सुधारशाळा आहेत त्यांना ‘एस्कुएला दे कोन्दुक्ता’ असे म्हणतात. अशा एका शाळेत ब्रुगेरा यांनी काही काळ कला शिकवली होती आणि नावाचा उगम तेथे आहे. म्हणजे शब्दातच दोन अर्थ आहेत : माणूस जसा वागतो ते, आणि शासन त्याला जसे वागायला लावते ते. मराठीतील ‘वर्तन’ या शब्दात पहिला अर्थ येतो, दुसरा येत नाही. उर्दूतील ‘सुलूक’ त्या मानाने जवळचा आहे. आपण दुसऱ्याशी जसे वागतो ते सुलूक, आणि तसव्वुफमध्ये शिष्याने शिस्तीने चालायची वाट तीही सुलूक. भाषांतरकाराने या शब्दाकडे अवश्य लक्ष द्यावे.

ब्रुगेरा यांचे वडील क्यूबन सरकारच्या सेवेत मुत्सद्दी होते, त्यामुळे त्यांचे बालपण पॅरिस, बैरूत आणि पनामा येथे गेले. पुढे हॅवानाच्या सान आलेहान्द्रो या १८१८ साली स्थापन झालेल्या जुन्या कलाशाळेत आणि नंतर ‘इन्स्तितूतो सुपेरियोर दे आर्ते’ या उच्च कलासंस्थेत त्यांचे शिक्षण झाले. २००१ साली शिकागोच्या कला संस्थेतून त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली. थोडक्यात, क्रांतीच्या घरात वाढलेली, क्रांतीच्या शाळेत शिकलेली ही मुलगी आहे. तिची टीका बाहेरून आलेली नाही, हे ध्यानात ठेवावे लागते.

पहिले मोठे काम उसने घेतलेले होते. आना मेन्दिएता ही हॅवानात जन्मलेली कलावंत. १९६१ साली वयाच्या बाराव्या वर्षी तिला अमेरिकेस पाठवण्यात आले आणि १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये तिचा अकाली मृत्यू झाला. ब्रुगेरा यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यापासून १९९६ पर्यंत मेन्दिएताच्या कलाकृती स्वतःच्या शरीराने पुन्हा करून दाखवल्या. देश सोडून गेलेल्यांचे नाव घेणेही अवघड होते त्या काळात एका परागंदा बाईला तिच्या कलेसकट घरी आणण्याचा हा प्रयत्न होता. यात ब्रुगेरा यांचे स्वतःचे असे फारसे काही नाही, पण कोणासाठी काम करायचे हे ठरलेले दिसते.

सोव्हिएत संघ १९९१ साली कोसळला आणि क्यूबात ज्याला ‘विशेष काळ’ म्हणतात तो टंचाईचा काळ सुरू झाला. अन्न नाही, वीज नाही, कागद नाही. कलावंत एकामागून एक देश सोडू लागले. १९९४च्या उन्हाळ्यात तर सुमारे ३५ हजार माणसे तराफ्यांवरून आणि होड्यांवरून समुद्रात उतरली. या वातावरणात ब्रुगेरा यांनी १९९३ आणि १९९४ साली ‘मेमोरिया दे ला पोस्तगेर्रा’, म्हणजे ‘युद्धोत्तर काळाच्या आठवणी’, या नावाने एक वर्तमानपत्र काढले. देशात राहिलेले आणि देश सोडून गेलेले कलावंत त्यात एकाच पानावर लिहीत होते. अधिकाऱ्यांनी ते बंद पाडले. वर्तमानपत्राला कलाकृती म्हणायचे का, हा वाद घालणाऱ्यांनी ते बंद पाडणाऱ्यांचे मत अवश्य विचारात घ्यावे. त्यांनी त्याला वर्तमानपत्रच मानले होते.

१९९७ सालची ‘एल पेसो दे ला कुल्पा’ (‘अपराधाचे ओझे’) ही कृती सर्वांत अधिक छापली जाते. जुन्या हॅवानातील आपल्या घरी, रस्त्यावरचे लोक पाहू शकतील अशा रीतीने, ब्रुगेरा उभ्या राहिल्या. गळ्यात कोकराचे सोललेले धड अडकवलेले होते, मागे माणसांच्या केसांपासून तयार केलेला क्यूबाचा भव्य ध्वज होता. खाऱ्या पाण्यात माती कालवून तिचे गोळे त्या सुमारे पाऊण तास खात राहिल्या. स्पॅनिश राजवटीत गुलामगिरी पत्करण्यापेक्षा क्यूबाच्या मूळ रहिवाशांनी माती खाऊन मरण पत्करले, अशी कथा तेथे सांगितली जाते. आपल्या वाचकाला कोकरू पाहून प्रथम कुर्बानी आठवेल, ख्रिस्ती वाचकाला त्यांचे प्रतीक आठवेल. परंतु येथे देणारा आणि घेणारा असा संबंधच नाही. येथे कोकरू म्हणजे मान खाली घालणारा प्राणी, आणि ते ढालीसारखे अंगावर आहे. मान खाली घालणे हेच ज्यांचे संरक्षण, त्यांचा हा अपराध. ‘माती खाणे’ या मराठी वाक्प्रचाराचा त्या कथेशी काही संबंध नाही, पण मराठी वाचकाच्या मनात तो आल्याशिवाय राहत नाही आणि अर्थाला बाधही आणत नाही.

तरीही या कृतीत प्रेक्षक बाहेरच उभा आहे. तो पाहतो, हळहळतो आणि घरी जातो. २००० साली हे बदलले. हॅवाना द्वैवार्षिक प्रदर्शनासाठी ब्रुगेरा यांना ला काबान्या या किल्ल्यातील एक लांब, काळोखी तळघरासारखी खोली मिळाली. स्पॅनिश काळापासून हा किल्ला तुरुंग होता, आणि क्रांतीनंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत येथेच फाशी-गोळीच्या शिक्षा अमलात आल्या. जमिनीवर उसाची चिपाडे पसरलेली, कुजत चाललेली. ज्यांच्या गावाशेजारी साखर कारखाना आहे त्या बेळगाव-चिकोडीकडील वाचकांना हा वास वेगळा सांगायला नको. साखरेवर उभ्या राहिलेल्या आणि त्याच साखरेसाठी गुलाम आणलेल्या देशात तो वास म्हणजे इतिहासाचाच वास होय. प्रेक्षक अंधारात, पायाखाली काय आहे ते न कळता, दूर दिसणाऱ्या एका निळसर उजेडाकडे चालत जातो. तो उजेड म्हणजे छताला टांगलेला छोटा दूरदर्शन संच, त्यावर फिडेल कॅस्ट्रो यांची चित्रे, आवाजाविना. डोळे अंधाराला सरावल्यावर मागे वळून पाहावे तर काही विवस्त्र पुरुष उभे आहेत आणि अंगावरून काही पुसून टाकावे तशा हालचाली पुन्हा पुन्हा करीत आहेत. आपण त्यांच्यामधूनच चालत आलो होतो आणि उजेडाकडे पाहत असल्याने ते आपल्याला दिसले नव्हते.

ब्रुगेरा यांची सर्वश्रेष्ठ कलाकृती कोणती असे विचारले तर या लेखकाचे मत हिच्या बाजूने आहे. येथे कोणी काही बोलत नाही, घोषणा नाही, आरोप नाही. प्रेक्षकाने केलेली साधी गोष्ट, म्हणजे उजेडाकडे पाहत चालणे, हाच त्याच्यावरील पुरावा ठरतो. उद्घाटनानंतर काही तासांतच खोली बंद करण्यात आली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ती पुढे आपल्या संग्रहात घेतली आणि २०१८ साली पुन्हा उभी केली. चिपाडे तीच, संच तोच, पुरुष तसेच. परंतु किल्ला नाही, आणि बाहेर पडल्यावर कोणी आपल्याला ओळखेल ही भीती नाही. अशा अंधाराचा मग अंधार एवढाच अर्थ उरतो.

२००२ साली जर्मनीत कासेलच्या अकराव्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्यांनी याच्या उलट केले : डोळे दिपवणारे दिवे, आणि बंदूक भरण्याचा आवाज. त्याबद्दल अधिक लिहिण्याजोगे नाही. २००८ साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये मात्र त्यांना पुन्हा सूर सापडला. ‘टॅटलिनची कुजबुज’ या मालिकेतील ही पाचवी कृती. रशियन कलावंत व्लादिमिर टॅटलिन यांनी क्रांतीनंतर आखलेला प्रचंड मनोरा कधी बांधलाच गेला नाही. त्या स्वप्नाची आता कुजबुज तेवढी उरली, असा नावाचा रोख. संग्रहालयाच्या विस्तीर्ण दालनात एक पांढरा आणि एक काळा घोडा घेऊन दोन खरे पोलीस शिरतात आणि गर्दी हटवण्याच्या प्रशिक्षणातील रीतीने प्रेक्षकांना इकडून तिकडे हाकतात. ही कलाकृती आहे हे कोणी सांगत नाही. लोक निमूटपणे हलतात. टीव्हीवर अशा घोड्यांची चित्रे सर्वांनी पाहिलेली असतात; घोड्याचा श्वास खांद्यावर आला की बातमी ही बातमी राहत नाही.

सहावी कुजबुज २००९ साली हॅवानात झाली. विफ्रेदो लाम केंद्रात पडदा, मंच आणि ध्वनिक्षेपक मांडला. कोणीही यावे आणि एक मिनिट काहीही बोलावे. वक्त्याच्या दोन्ही बाजूंस लष्करी गणवेशातील एक पुरुष आणि एक स्त्री. ते वक्त्याच्या खांद्यावर पांढरे कबूतर ठेवीत आणि मिनिट संपताच त्याला मंचावरून खाली नेत. ८ जानेवारी १९५९ रोजी विजयी फिडेल यांच्या भाषणाच्या वेळी त्यांच्या खांद्यावर कबूतर येऊन बसले होते, ही आठवण प्रत्येक क्यूबन माणसाच्या मनात आहे. प्रेक्षकांत छायाचित्रे काढून फेकून द्यायचे दोनशे कॅमेरे वाटले होते, म्हणजे बोलणाऱ्यावर लखलखाट होई आणि साक्षीदारही तयार होत. कोणी अभिव्यक्तिस्वातंत्र्य मागितले, कोणी निवडणुका मागितल्या, एका बाई काहीच न बोलता रडल्या. दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाच्या आयोजन समितीने या प्रकाराचा निषेध केला.

येथेच सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळावे लागते. ब्रुगेरा यांच्याकडे परदेशातील नेमणूक होती, नाव होते, परतीचे तिकीट होते. ज्याने मिनिटभर बोलून घेतले तो त्या रात्री हॅवानातील आपल्या घरी गेला. कलावंताने मंच दिला हे खरे, परंतु जोखीम समान वाटली गेली नाही. ब्रुगेरा यांचे समर्थक म्हणतात की बोलणारे प्रौढ होते, स्वेच्छेने आले होते. हे उत्तर पूर्ण नाही. त्याच वर्षी बोगोटाच्या राष्ट्रीय विद्यापीठात कोलंबियातील हिंसेवर व्यासपीठावर चर्चा चालू असताना प्रेक्षकांत तबकातून कोकेन फिरवण्यात आले. हेतू असा की ज्या पदार्थासाठी माणसे मरतात त्याला हात लावताना प्रेक्षक काय करतो ते दिसावे. दिसले ते एवढेच की बऱ्याच जणांनी हात लावला आणि उत्तरे विद्यापीठाला द्यावी लागली. ही कृती वाईट आहे, असे स्पष्ट म्हणण्यास हरकत नाही. विद्यार्थ्यांच्या आवारात नेलेल्या तबकाला कलेचे नाव दिल्याने ते निरुपद्रवी होत नाही.

याच काळातील त्यांचे दुसरे एक काम मात्र शिक्षकवर्गाने बारकाईने पाहावे असे आहे. २००३च्या जानेवारीत ब्रुगेरा यांनी जुन्या हॅवानातील आपल्या घरी ‘कातेद्रा आर्ते दे कोन्दुक्ता’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम उघडला. तो उच्च कलासंस्थेशी औपचारिकरीत्या जोडलेला होता. तेथे चित्रकारांइतकेच वकील, पत्रकार, शास्त्रज्ञ असे लोक शिकवीत. परदेशी पाहुण्यांचे येणे-जाणे असे. विद्यार्थ्याने वस्तू तयार करून दाखवावी अशी अपेक्षा नव्हती. समाजात कोठेतरी हात घालून काय घडते ते पाहावे, अशी होती. सहा-सात वर्षे हा उपक्रम चालला, आणि ब्रुगेरा यांनी तो संपूर्ण उपक्रमच आपली कलाकृती असल्याचे सांगितले. २००९च्या द्वैवार्षिक प्रदर्शनात समारोप म्हणून विद्यार्थ्यांचे ‘एस्तादो दे एक्सेप्सियोन’ (‘अपवादाची स्थिती’) हे प्रदर्शन भरले. ते रोज उतरवले जाई आणि दुसऱ्या दिवशी नव्या विद्यार्थ्यांच्या कामांनी पुन्हा भरे.

इंग्रज समीक्षक क्लेअर बिशप यांनी ‘आर्टिफिशियल हेल्स’ (२०१२) या ग्रंथात या उपक्रमाचा विचार केला आहे. शिक्षण हे कलेचे माध्यम झाले तर त्याचे मूल्यमापन कोणत्या निकषावर करायचे, ही त्यांची अडचण आपल्याही परिचयाची आहे. निकाल, उपस्थिती, नोकऱ्या हे निकष येथे लागत नाहीत आणि रंग-रेषाही नाहीत. तरीही एक गोष्ट मोजता येते. त्यानंतरच्या दशकात हॅवानात जे तरुण कलावंत शासनाशी बोलण्याचे धाडस करू लागले त्यांच्यात या वर्गातून गेलेली माणसे आहेत. त्यांतील हॅम्लेट लावास्तिदा यांना जून २०२१ मध्ये बर्लिनहून परतल्यावर अटक झाली आणि सप्टेंबरमध्ये त्यांना देश सोडावा लागला. म्हणजे वर्ग परिणामकारक होता, आणि परिणामाची किंमत पुन्हा एकदा विद्यार्थ्याने दिली. पण येथे बोगोटासारखी स्थिती नाही. एक मिनिटाचा मंच देणे आणि दोन वर्षे सोबत बसून शिकवणे यांत फरक आहे. दोन वर्षे शिकलेल्या माणसाने घेतलेला निर्णय त्याचा स्वतःचा असतो.

२०११ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील कोरोना या वस्तीत ब्रुगेरा यांनी क्वीन्स संग्रहालय आणि ‘क्रिएटिव्ह टाइम’ या संस्थेच्या साहाय्याने स्थलांतरितांचे एक केंद्र उघडले. तेथे इंग्रजी शिकवली जाई, कायद्याचा सल्ला मिळे, मुलांसाठी वर्ग असत. त्यांनी याला ‘आर्ते ऊतिल’, म्हणजे उपयुक्त कला, असे नाव दिले. या नावाचा मोठा गाजावाजा झाला. वास्तविक आपल्याकडील कोणत्याही चांगल्या वाचनालयात किंवा रात्रशाळेत हे काम होतच असते आणि त्याला कोणी कला म्हणत नाही. उपयुक्त असणे ही चांगली गोष्ट आहे. परंतु उपयुक्ततेला कलेच्या नावाची गरज का पडावी, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्या लेखनात सापडत नाही. संग्रहालयाचा पैसा वस्तीकडे वळला, हे त्याचे व्यावहारिक उत्तर असावे, आणि तेही काही कमी नाही.

१७ डिसेंबर २०१४ रोजी क्यूबा आणि अमेरिका यांनी संबंध सुधारण्याची घोषणा केली. ब्रुगेरा यांनी लगेच जाहीर केले की एक मिनिटाचा ध्वनिक्षेपक आता क्रांती चौकात ठेवायचा. ३० डिसेंबरला त्या चौकात पोहोचण्यापूर्वीच त्यांना ताब्यात घेतले गेले, पारपत्र जप्त झाले आणि ते जुलै २०१५ पर्यंत परत मिळाले नाही. या वेळी मात्र जोखीम त्यांची स्वतःची होती. अडकून पडलेल्या त्या महिन्यांतच त्यांनी सर्वांत साधे काम केले. २० मे २०१५ पासून आपल्या घरी हॅना अरेन्ट यांच्या ‘सर्वंकषशाहीचा उगम’ या ग्रंथाचे शंभर तास सलग वाचन त्यांनी मांडले. दार उघडे, एक खुर्ची, एक पुस्तक, एक ध्वनिक्षेपक. समोरच्या रस्त्यावर अचानक दुरुस्तीची निकड निर्माण झाली आणि यंत्रांनी रस्ता फोडण्याचा आवाज सुरू झाला. वाचन चालूच राहिले. संपल्यावर ब्रुगेरा यांना पुन्हा ताब्यात घेण्यात आले. याच वाचनातून अरेन्ट यांच्या नावाची ‘इन्स्टार’ ही संस्था उभी राहिली.

२०१८ साली टेट मॉडर्नने त्यांना पुन्हा बोलावले. या वेळी कृतीचे नावच एक आकडा होता, मागील वर्षी देशांतर केलेल्यांची संख्या आणि चालू वर्षातील स्थलांतरितांचे नोंदलेले मृत्यू यांच्या बेरजेने वाढत जाणारा. जमिनीला उष्णतेने रंग बदलणारा लेप होता. पुरेशी माणसे एकत्र झोपली तर अंगाच्या उबेने एका सीरियन तरुणाचा चेहरा उमटेल, अशी योजना. शेजारच्या खोलीत डोळ्यांत पाणी आणणारा वायू. कल्पना सुंदर, पण सक्तीने आणलेले अश्रू हे फार तर कांदा कापण्याइतकेच खरे असतात. याउलट संग्रहालयाच्या एका इमारतीला वर्षभरासाठी नॅटली बेल या स्थानिक कार्यकर्तीचे नाव देण्यात आले, ही गोष्ट लहान पण भरीव होती.

त्याच वर्षी क्यूबात हुकूम क्रमांक ३४९ आला. शासनमान्य संस्थेच्या परवानगीशिवाय कलावंताने जाहीर काम करणे त्याने दंडनीय ठरवले. डिसेंबर २०१८ मध्ये विरोध करताना ब्रुगेरा आणि इतरांना ताब्यात घेतले गेले. भारताशी त्यांचा संबंध याच वेळी येतो. अनिता दुबे यांनी आखलेल्या कोची-मुझिरिस द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांचा सहभाग ठरलेला होता. सहकाऱ्यांना सोडून आता निघता येणार नाही, असे सांगून त्या आल्या नाहीत. २००९च्या मंचावर जो दोष दिसतो तो या नकारात दिसत नाही. परतीचे तिकीट असूनही त्यांनी ते वापरले नाही.

पुढे वापरावे लागले. २७ नोव्हेंबर २०२० रोजी हॅवानात सांस्कृतिक मंत्रालयासमोर शेकडो कलावंत जमले. त्यानंतर अनेक महिने ब्रुगेरा यांच्या घरावर पहारा होता. २०२१ साली त्यांनी देश सोडला. कैदेतील काहींच्या सुटकेच्या बदल्यात आपण हे मान्य केले, असे त्यांनी सांगितले आहे. त्या हार्वर्ड विद्यापीठात शिकवू लागल्या आणि त्याच वर्षी त्यांना स्पेनचा वेलाझ्केझ पुरस्कार मिळाला. त्या चळवळीतील लुईस मानुएल ओतेरो आल्कान्तारा यांना जून २०२२ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याच उन्हाळ्यात कासेलच्या पंधराव्या डॉक्युमेंटात इन्स्टारने क्यूबातील सेन्सॉर झालेल्या कलावंतांचा इतिहास मांडला.

ब्रुगेरा यांचा स्वतःचा सिद्धांत असा की अशी कला विशिष्ट राजकीय क्षणासाठीच असते. क्षण गेला की ती उरत नाही. त्याची परीक्षा फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. बर्लिनच्या हाम्बुर्गर बानहोफ संग्रहालयात त्यांनी तेच अरेन्टचे पुस्तक, तेच शंभर तास आणि तीच खुली खुर्ची मांडली. गाझातील युद्ध चालू होते आणि त्यावर काय बोलता येते, काय येत नाही, याविषयी जर्मनीत वातावरण तापलेले होते. पॅलेस्टाइनच्या बाजूच्या निदर्शकांनी वाचनात हस्तक्षेप केला, ध्वनिक्षेपकावरून वाद झाला, आणि नियोजित तास पूर्ण होण्यापूर्वीच वाचन थांबवण्यात आले. हॅवानात रस्ता फोडणाऱ्या यंत्रांच्या आवाजातही जे वाचन पूर्ण झाले, ते बर्लिनमध्ये अर्धवट राहिले. हॅवानात आवाज शासनाचा होता आणि त्याच्यावर मात करायची हे सर्वांना ठाऊक होते. बर्लिनमध्ये आवाज प्रेक्षकांचाच होता, आणि प्रेक्षकांचे वर्तन हेच आपले माध्यम असे ब्रुगेरा पंचवीस वर्षे सांगत आल्या होत्या. थांबवण्याचा निर्णय योग्य होता की नाही यावर मतभेद राहतील. पण त्या दालनात त्या दिवशी जे घडले ते कलाकृतीतील व्यत्यय मानायचे की तिचा शेवटचा भाग, हे ठरवल्याशिवाय त्यांच्यावर पुढे लिहिता येणार नाही.